त्वचेआडचे यंत्र आणि त्याचे दार: शरीरात बसवलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेचा इतिहास

पेसमेकर, डिफिब्रिलेटर आणि त्यांच्यासारखी जी उपकरणे शस्त्रक्रियेने शरीरात बसवली जातात, त्यांचा इतिहास बहुधा बॅटरी, धातू आणि शल्यकौशल्य यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. परंतु या उपकरणांच्या आदेशांवर कोणाचा अधिकार चालावा आणि त्यांनी साठवलेली माहिती कोणी वाचावी, हा प्रश्नही त्यांच्या जन्मापासून त्यांच्यासोबत चालत आला आहे. एकविसाव्या शतकात या उपकरणांच्या रेडिओ-संवादातील उणिवा उघड झाल्या, तेव्हा त्या उत्पादकांच्या हलगर्जीपणाचे फळ मानल्या गेल्या. तो आरोप काही प्रमाणात खरा असला, तरी त्यामागील दीर्घ परंपरा तो दृष्टीआड करतो. कारण कोणत्याही प्रशिक्षित डॉक्टरला कोणत्याही रुग्णालयात या यंत्रापर्यंत विनाविलंब पोहोचता यावे, हा त्याच्या रचनेचा जाणीवपूर्वक स्वीकारलेला हेतू होता आणि त्या हेतूने असंख्य प्राण वाचवले आहेत.

१९५०च्या दशकात हृदयाला विजेचे ठोके पुरवणारी यंत्रे खोलीतील विजेवर चालत, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली असत आणि रुग्णाची हालचाल त्यांच्या तारेच्या लांबीइतकीच मर्यादित राही. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस परिसरात वीजपुरवठा खंडित झाला आणि त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातील शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी अर्ल बकन या अभियंत्याकडे विजेच्या जोडणीवर अवलंबून नसलेल्या यंत्राची मागणी केली. मेडट्रॉनिक या त्या वेळी अगदी लहान असलेल्या कंपनीचे सहसंस्थापक बकन यांनी एका लोकप्रिय इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे संगीताच्या सरावात लय मोजून देणाऱ्या यंत्राच्या, आकृतीवरून बॅटरीवर चालणारा छोटा पेसमेकर तयार केला, जो रुग्णाच्या अंगावर बांधता येत असे. लिलेहाय यांचे बरेचसे रुग्ण हृदयाची शस्त्रक्रिया झालेली लहान मुले होती आणि ठोक्यांची गती व विजेचा जोर बदलणाऱ्या कळा पेटीच्या पृष्ठभागावर, त्यांच्या बोटांच्या सहज आवाक्यात होत्या. म्हणून पुढील आवृत्तीत त्या कळा पृष्ठभागापेक्षा खोल बसवण्यात आल्या. अनधिकृत हाताला दूर ठेवण्यासाठी हृदयाच्या यंत्रात केलेला हा बहुधा पहिलाच बदल असावा आणि त्यात ज्याच्यापासून यंत्राचे रक्षण करायचे तो स्वतः रुग्णच होता, ही बाब पुढील सहा दशकांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अर्ने लार्सन यांच्या शरीरात पूर्णतः आत बसणारा पहिला पेसमेकर बसवला, जो अभियंते रून एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून इपॉक्सी राळेत ओतला होता. हे पहिले यंत्र काही तासच चालले. परंतु लार्सन यांना पुढे एकामागून एक अशी दोन डझनांहून अधिक यंत्रे बसवली गेली आणि ते २००१ पर्यंत जगले. सुरक्षिततेच्या दृष्टीने या यंत्राचे वैशिष्ट्य असे, की त्याची बॅटरी शरीराबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, चुंबकीय प्रवर्तनाने, त्वचेला छेद न देता भारित होत असे. यंत्र शरीराच्या आत गेले त्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोहोचणारी अदृश्य वाटही तयार झाली होती.

अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच आणि विल्यम चार्डॅक यांनी १९६० पासून मानवी शरीरात बसवलेल्या पेसमेकरमध्ये पुनर्भारित न होणाऱ्या पारा-जस्त बॅटऱ्या होत्या, आणि त्याच्या एका सुधारित रूपात गती किंवा विजेचा जोर बदलायचा असल्यास डॉक्टर त्रिकोणी टोकाची शस्त्रक्रियेची सुई त्वचेतून आत घालून यंत्रातील नियंत्रक फिरवत. ही पद्धत रुग्णाला वेदनादायक आणि जंतुसंसर्गाचा धोका असणारी होती. तरीही तिच्यात एक गुण आपोआप आलेला होता: रुग्णाच्या नकळत, त्याच्या शरीराला स्पर्श न करता, यंत्रात कोणताही बदल करणे शक्य नव्हते. त्वचा हेच तेथे संरक्षण होते आणि वेदना हीच सूचना होती.

१९६०च्या दशकाच्या मध्यापासून हृदयाचा स्वाभाविक ठोका ओळखून गरजेपुरतीच वीज देणारे पेसमेकर प्रचारात आले, ज्यांच्या विकासात बारूह बर्कोविट्स यांचा मोठा वाटा होता. ठोका ओळखण्यासाठी यंत्राला सतत कान देऊन ऐकावे लागते, आणि ऐकणारे यंत्र फसूही शकते. बाहेरच्या विद्युत-चुंबकीय लहरींना हृदयाचा ठोका समजून पेसमेकर वीज देणे थांबवण्याची शक्यता निर्माण झाली आणि अमेरिकेत मायक्रोवेव्ह ओव्हन असलेल्या उपाहारगृहांच्या दारांवर पेसमेकरधारकांना सावध करणाऱ्या पाट्या लागल्या. यावर उत्पादकांनी धातूचे बंदिस्त कवच आणि नको असलेले संकेत गाळणारी मंडले हे उपाय योजले. शत्रू कल्पिलेला नसला, तरी बाहेरून येणाऱ्या संकेतावर यंत्राने किती विश्वास ठेवावा हा प्रश्न येथेच प्रथम अभियांत्रिकीचा प्रश्न बनला. याच काळात यंत्रात एक चुंबकीय खटका बसवला जाऊ लागला: छातीवर साधा लोहचुंबक धरला की पेसमेकर ऐकणे सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा आणीबाणीत हा उपाय आजही उपयोगी पडतो, आणि त्यासाठी कोणतीही ओळख पटवावी लागत नाही, ही त्या रचनेतील उणीव नसून तिचा हेतूच आहे.

१९७०च्या दशकात सुईची जागा बाहेरून दिलेल्या आदेशांनी घेतली. कॉर्डिस कंपनीच्या ऑम्निकॉर या पेसमेकरची गती आणि जोर चुंबकीय स्पंदांच्या मालिकेने बदलता येई. पुढे रेडिओ-संकेत आले आणि त्यांच्यासोबत टेलिमेट्री, म्हणजे यंत्राने स्वतःची स्थिती व नोंदी बाहेर कळवण्याची सोय, आली. ज्या यंत्राने डॉक्टर हे आदेश देतात त्याला प्रोग्रॅमर म्हणतात, आणि एका कंपनीचा प्रोग्रॅमर त्या कंपनीच्या सर्व रुग्णांच्या यंत्रांशी बोलू शकतो. आदेश नसताना यंत्राची मांडणी बदलल्याचे प्रकार नोंदले जाऊ लागल्यावर आदेशांसोबत विशिष्ट संकेतमालिका आणि चूक ओळखण्याच्या तपासण्या जोडल्या गेल्या. या तपासण्या अपघाती गोंगाटापासून चांगले रक्षण करत. परंतु जो ती संकेतमालिका ऐकून तशीच पुन्हा म्हणेल त्याच्यापासून नाही.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ४ फेब्रुवारी १९८० रोजी मिशेल मिरोव्स्की आणि मॉर्टन मोवर यांनी विकसित केलेला डिफिब्रिलेटर प्रथमच मानवी शरीरात बसवला गेला, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य वाढले. हृदयाची लय प्राणघातक रीतीने विस्कटली असता मोठा विद्युत्-धक्का देऊन ती पूर्ववत करणारे हे उपकरण आहे; त्याला धक्का देऊ न देणे जितके घातक, तितकाच नको तेव्हा धक्का देणेही घातक ठरू शकते. तरीही १९९०च्या दशकाअखेरपर्यंत प्रोग्रॅमरचे संवेदक डोके रुग्णाच्या छातीवर जवळजवळ टेकवावे लागत असल्याने अंतर हेच पुरेसे संरक्षण मानले गेले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने शरीरस्थ वैद्यकीय उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा राखून ठेवला, ज्यातून काही मीटर अंतरावरूनही संवाद होऊ शकतो, आणि २००१ पासून घरी ठेवलेल्या प्रेषकामार्फत यंत्रातील नोंदी दूरच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवांना मान्यता मिळू लागली. वृद्ध रुग्णांचे रुग्णालयातील हेलपाटे त्यामुळे वाचले आणि बिघाड लवकर कळू लागले. त्याचबरोबर अंतराने दिलेले संरक्षण, कोणीही त्याची मोजदाद न करता, संपुष्टात आले.

मे २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे अ‍ॅम्हर्स्ट केंद्र आणि बोस्टनचे बेथ इस्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्र येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. डॅनियल हॅल्पेरिन, थॉमस हाइट-बेंजामिन, बेंजामिन रॅन्सफर्ड, केव्हिन फू, तदायोशी कोनो आणि हृदयरोगतज्ज्ञ विल्यम मेसेल यांच्यासह नऊ जणांच्या या गटाने २००३ मध्ये बाजारात आलेला मेडट्रॉनिकचा मॅक्सिमो हा डिफिब्रिलेटर तपासला. संगणकाला जोडता येणाऱ्या, ज्याचे वर्तन सॉफ्टवेअरने ठरवता येते अशा रेडिओच्या साहाय्याने त्यांनी प्रोग्रॅमर आणि उपकरण यांच्यातील संवाद नोंदवला, तेव्हा रुग्णाचे नाव, जन्मतारीख, आजाराचा इतिहास आणि डॉक्टरचा दूरध्वनी क्रमांक कोणत्याही कूटरूपाशिवाय हवेत जात असल्याचे आढळले. नोंदवलेले संकेत पुन्हा प्रक्षेपित करून त्यांनी उपकरणातील माहिती मागवली, नाव बदलले, उपचाराच्या मांडण्या बंद केल्या आणि केवळ चाचणीसाठी असलेला १३८ व्होल्टचा धक्का देण्याचा आदेशही बजावला. हे सर्व काही सेंटिमीटर अंतरावरून, रुग्णाच्या शरीरात नसलेल्या उपकरणावर झाले. गैरवापर होऊ नये म्हणून निबंधातून काही तपशील मुद्दाम वगळले गेले, आणि रुग्णांनी घाबरून उपकरण नाकारू नये, असे संशोधकांनी स्पष्टपणे सांगितले. या संयमामुळे त्या निबंधाचे मोल वाढते.

त्याच वर्षी या गटातील काहींनी मांडलेली भूमिका प्रयोगापेक्षाही अधिक टिकाऊ ठरली. त्यांच्या मते शरीरस्थ उपकरणात दोन हेतूंचा झगडा आहे: एकीकडे रुग्णाची सुरक्षा आणि उपकरणाची उपयुक्तता, दुसरीकडे अनधिकृत प्रवेशापासून संरक्षण आणि खासगीपणा. बँकेच्या खात्याचा सांकेतिक शब्द विसरला तर खाते काही काळ बंद राहते. परंतु परगावी बेशुद्ध पडलेल्या रुग्णाचे उपकरण तेथील डॉक्टरला उघडता आले नाही, तर संरक्षण हेच मृत्यूचे कारण होईल. शिवाय कूटबद्धीकरण, म्हणजे किल्ली नसलेल्याला संदेश वाचता येऊ नये असे त्याचे गणिती रूपांतर, आणि प्रत्येक अनोळखी संकेताची शहानिशा या दोन्हींना ऊर्जा लागते. शरीरात बसवलेली बॅटरी संपली की नवी शस्त्रक्रिया करावी लागते. केवळ खोट्या विनंत्यांचा मारा करूनही बॅटरी संपवता येईल, हे लक्षात घेऊन या गटाने बाहेरून आलेल्या रेडिओलहरींच्याच ऊर्जेवर चालणारा ओळख तपासणारा भाग सुचवला, जो प्रवेशाचा प्रयत्न होताच रुग्णाला ऐकू येईल असा ध्वनी काढतो. तो ध्वनी मांसातून ऐकू येतो का, हे तपासण्यासाठी त्यांनी डुकराच्या मांसाचे काप आणि गोमांसाचा खिमा भरलेल्या पिशवीत तो भाग ठेवला होता. सुईच्या काळात वेदनेने जे काम आपोआप केले, ते आता ध्वनीने करण्याचा हा प्रयत्न होता.

पुढील काही वर्षांत सुचवलेल्या उपायांतून या प्रश्नाची अवघड बाजू दिसते. अंगावर वागवायचे एक साधन असावे, ते असेपर्यंत उपकरण बंद राहावे आणि आणीबाणीत डॉक्टरने ते काढताच उघडावे, असे एकाने सुचवले. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील गटाने अनधिकृत संकेत दडपून टाकणारी बाह्य ढाल दाखवली. कोणी किल्ली त्वचेवर अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या शाईने गोंदवण्याची कल्पना मांडली. आणि रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांमधील सूक्ष्म अंतरांतूनच किल्ली तयार व्हावी, म्हणजे ज्याचा हात प्रत्यक्ष रुग्णाच्या अंगावर आहे त्यालाच प्रवेश मिळेल, असाही विचार झाला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तमारा डेनिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा उपायांचे नमुने हृदयाचे उपकरण धारण करणाऱ्या रुग्णांपुढेच ठेवले, तेव्हा आजाराची सतत आठवण करून देणे, तो चारचौघांत उघड करणे आणि शरीरावर खूण उमटवणे हे आक्षेप पुढे आले. उपायांचे मूल्यमापन रुग्णांच्या इच्छेने करावे, ही साधी गोष्ट करण्यास पन्नास वर्षे लागली होती.

दरम्यान हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडला. २०११ मध्ये जेरोम रॅडक्लिफ या मधुमेही सुरक्षातज्ज्ञाने स्वतःच्या इन्सुलिन पंपाला दुरून आदेश देता येतात हे दाखवले. हा पंप शरीराबाहेर बाळगला जात असला तरी त्याचा संवाद आणि त्याचे धोके शरीरस्थ उपकरणांसारखेच असतात. सुरक्षासंशोधक बार्नबी जॅक यांनी त्याच वर्षी अंतर वाढवून आणि २०१२ मध्ये मेलबर्न येथे पेसमेकरला ८३० व्होल्टचा धक्का द्यायला लावून हे प्रकरण अधिक धक्कादायक रूपात मांडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की २००७ मध्ये त्यांचे हृदयातील उपकरण बदलताना त्याची बिनतारी सोय डॉक्टरांनी घातपाताच्या शक्यतेमुळे बंद ठेवली होती. धोका ओळखून दार बंद करण्याचा निर्णय अशा रीतीने २००८ च्या निबंधाआधीच एका रुग्णासाठी घेतला गेला होता, तर सामान्य रुग्णाला असा पर्याय असू शकतो याची कल्पनाही नव्हती. ही विषमता त्या मुलाखतीच्या नाट्यात हरवली.

ऑगस्ट २०१६ मध्ये सुरक्षासंशोधन करणाऱ्या मेडसेक या कंपनीने सेंट ज्यूड मेडिकलच्या उपकरणांतील उणिवांची माहिती उत्पादकाला किंवा सरकारी यंत्रणेला न देता मडी वॉटर्स या गुंतवणूकसंस्थेला दिली, जिने त्या कंपनीच्या समभागांची किंमत घसरल्यास नफा होईल असा व्यवहार आधीच केला होता. सेंट ज्यूडने दावा दाखल केला. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी आरोपांतील काही पुरावा निर्णायक नसल्याचे म्हटले. तरी जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती प्रेषकातील उणिवा खऱ्या असल्याचे मान्य केले. रुग्णांच्या छातीतील यंत्राची दुर्बलता समभागबाजारातील माल व्हावी, हे नैतिकदृष्ट्या निंद्यच होते. परंतु वर्षानुवर्षे सौम्य भाषेत दिलेल्या इशाऱ्यांना जो वेग आला नव्हता तो या प्रकरणाने आला, हेही नाकारता येत नाही.

त्याचा परिणाम ऑगस्ट २०१७ मध्ये दिसला. सेंट ज्यूड आता अ‍ॅबट कंपनीत विलीन झाली होती आणि अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी नवे फर्मवेअर, म्हणजे उपकरणात कायम राहून त्याचे मूलभूत वर्तन ठरवणारी आज्ञावली, उपलब्ध करण्यात आले. ते चढवण्यासाठी रुग्णाला दवाखान्यात यावे लागे. सुमारे तीन मिनिटे यंत्र मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव मांडणीत चाले. पूर्वानुभवावरून यंत्र पूर्णपणे निकामी होण्याची शक्यता ०.००३ टक्के सांगण्यात आली. ही संख्या नगण्य वाटली, तरी सर्वांनी नवे फर्मवेअर घेतल्यास तिचा अर्थ सुमारे १४ माणसे असा होता, आणि दुसऱ्या पारड्यात असा हल्ला होता जो कोणत्याही रुग्णावर झाल्याचे ज्ञात नव्हते. म्हणून प्रशासनाने निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांच्या चर्चेवर सोपवला आणि जे रुग्ण संपूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहेत त्यांच्यासाठी तात्पुरता पेसमेकर हाताशी असेल अशाच ठिकाणी हे काम करण्याचा विचार सुचवला. सुरक्षेची दुरुस्ती हीच एक वैद्यकीय प्रक्रिया असते, तिला संमती लागते आणि तिचेही दुष्परिणाम असतात, हे येथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्पष्ट झाले. मार्च २०१९ मध्ये मेडट्रॉनिकच्या कोनेक्सस या रेडिओ-संवादपद्धतीत कूटबद्धीकरण आणि ओळख तपासणी दोन्ही नसल्याचे अमेरिकी सरकारने जाहीर केले, तेव्हाही रुग्णांना दूरनिरीक्षण चालूच ठेवण्याचा सल्ला देण्यात आला, कारण ते बंद करण्यातील धोका मोठा होता.

खासगीपणाचा प्रश्न याहून कमी गाजला, पण तो अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१७ मध्ये ओहायो राज्यातील एका न्यायालयाने जाळपोळीच्या खटल्यात आरोपीच्या पेसमेकरमधील नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. घराला आग लागण्याच्या सुमारास त्याचे हृदय किती वेगाने चालत होते, याची साक्ष त्याच्या छातीतील यंत्राने दिली. येथे कोणतेही कूट फोडले गेले नव्हते. माहिती कायदेशीर मार्गानेच मिळवली होती. उत्पादक, डॉक्टर आणि आता न्यायालय यांना जी माहिती वाचता येत होती, ती स्वतःला थेट मिळावी म्हणून मात्र अनेक उपकरणधारक वर्षानुवर्षे मागणी करत होते.

इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांनी या मागणीला वेगळेच उत्तर शोधले. मेडट्रॉनिकच्या जुन्या पंपांतील ज्या उणिवेमुळे परक्याला आदेश देता येत, तिच्याच आधारे डेना लुईस आणि स्कॉट लीब्रँड यांनी रक्तातील साखरेच्या मापनानुसार इन्सुलिनची मात्रा आपोआप ठरवणारी रचना घरी तयार केली आणि २०१५ पासून तिची माहिती सर्वांसाठी खुली केली. परिणामी, सुरक्षातज्ज्ञांनी सदोष ठरवलेले जुने पंप रुग्ण मुद्दाम शोधून मिळवू लागले. जून २०१९ मध्ये याच पंपांविषयी सुरक्षेच्या कारणावरून परत मागवण्याची सूचना निघाली, तेव्हा ज्यांची रात्रीची झोप त्या उघड्या दारावर अवलंबून होती त्यांना ते बंद होण्याची भीती वाटली. बकन यांच्या यंत्रात कळा खोल बसवताना रुग्णाचा हात यंत्रापासून दूर ठेवणे हाच सुरक्षेचा अर्थ होता. आता रुग्ण आपला हात तेथे असावा असा आग्रह धरत होते, आणि तो आग्रह न्याय्य होता.

२९ डिसेंबर २०२२ रोजी संमत झालेल्या अमेरिकी कायद्याने वैद्यकीय उपकरणाच्या मान्यतेसाठी अर्ज करतानाच उणिवा शोधून दुरुस्त करण्याची योजना आणि उपकरणातील सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी देणे बंधनकारक केले; ही अट २९ मार्च २०२३ पासूनच्या अर्जांना लागू झाली, त्यामुळे आधी बसवलेली यंत्रे आपल्या बॅटरीचे आयुष्य जुन्याच नियमांखाली पूर्ण करतील. माहितीवर रुग्णाचा हक्क किती, यावर ही तरतूद बोलत नाही. परंतु जानेवारी २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने टाइडपूल लूप या इन्सुलिनची मात्रा आपोआप ठरवणाऱ्या प्रणालीला मान्यता दिली, जिचे मूळ रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी घरी लिहिलेल्या आज्ञावलीत आहे आणि जी पंपातील उणिवेचा आधार न घेता, उत्पादकाने संमत केलेल्या व तपासलेल्या मार्गाने पंपाशी संवाद साधण्यासाठी रचलेली आहे.